५ इंची वाफेचं इंजिन: आपल्याकडचा दगडी कोळसा चालतो का?

वाघूरकाठ (जळगाव)

राम राम मंडळी.

५ इंच गेजचं (दोन रुळांत ५ इंच अंतर), छोटं पण माणसं ओढणारं चारचाकी टँक इंजिन, म्हणजे पाण्याच्या टाक्या अंगावरच असलेलं, यंदा दिवाळीच्या सुमारास रुळावर आलं. तांब्याचा बॉयलर, कामाचं प्रेशर दर चौरस इंचाला ९० पौंड, बाहेरचे दोन सिलिंडर. नकाशे इंग्लंडचे, बाकी काम सगळं इथलं. बॉयलरमध्ये पाणी भरून दुप्पट म्हणजे १८० पौंडांची चाचणी घेतली, एक थेंब गळला नाही. कॉम्प्रेसरच्या हवेवर इंजिन सुरेख चालतं.

अडचण आगीची आहे. लोणारी (लाकडाच्या) कोळशावर पेटवतो, धुराड्यावर छोटा पंखा लावतो, वीसेक मिनिटांत ६० पौंड येतात. तिथपर्यंत छान. मग दगडी कोळसा टाकला की पिवळा-काळा धूर, आणि पाव तासात आगीखालच्या जाळीवर खंगराची, म्हणजे वितळून चिकटलेल्या राखेची, सलग पोळी. खालून हवा बंद, आग मेली. दोन माणसं मागच्या गाडीवर बसली की काटा ४० च्या खाली. बॉयलरमधून धूर नेणाऱ्या नळ्यांची तोंडं राखेने अर्धी बुजतात.

कोळसा वीटभट्टीवरचा आहे, चंद्रपूरकडचा. फायरबॉक्स, म्हणजे आगीची पेटी, इंजिनाच्या दोन फ्रेमच्या मध्ये बसतो, त्यामुळे आतून जेमतेम ७० मिमी रुंद आणि ११० मिमी लांब. इंग्लंडची मंडळी वेल्सचा कोळसा वापरतात, तो इथे कुठून आणायचा? खान्देशात कुणाला बरा कोळसा मिळाला आहे का? मला हे इंजिन कोळशावरच चालवायचं आहे, म्हणून विचारतो.

गॅसवाला_धुळे

सरळ गॅस बर्नर बसवा. माझं ४५ मिमी रुळावरचं इंजिन ब्यूटेनवर आहे. नॉब फिरवला, काडी लावली, झालं. ना राख, ना काळे हात.

पीजे_शेंदुर्णी

गॅसवाले भाऊ, त्यांनी शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते वाचा की.

भुसावळ_शेड

मी रेल्वेत फायरमन म्हणून लागलो तेव्हा भुसावळला वाफेचं शेड जोरात होतं. डब्ल्यूजी या मालगाडीच्या इंजिनावर बेलचा (कोळशाचं फावडं) मारलाय. वाघूरकाठ, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण ही तक्रार आम्हीही रोज करायचो. कोळसा तेव्हाही असाच यायचा, अर्धा कोळसा नि अर्धी माती.

पहिली गोष्ट, आग पातळ ठेवा. नवखा माणूस प्रेशर उतरलं की घाबरून कोळसा ओततो. राखेच्या कोळशाचा जाड थर केला की तळाची राख वितळते आणि एकमेकींना चिकटते, तोच तुमचा खंगर. थोडा थोडा टाका, पण सारखा टाका. मागच्या दोन कोपऱ्यांत आणि कडेला जरा जास्त, मधे कमी. इंजिनाच्या ओढीने तो आपोआप पुढे सरकत जातो.

दुसरी गोष्ट, कोळसा टाकला की लगेच फायरबॉक्सचं दार गच्च लावू नका. बोटभर उघडं ठेवा. आपल्या कोळशातून गॅस फार सुटतो, त्याला वरून हवा लागते. ती नाही मिळाली की तो न जळता धूर होऊन धुराड्यातून जातो. तुम्ही पाहता तो पिवळा धूर म्हणजे वाया गेलेली वाफ. धुराड्यावर फिकट राखाडी झाक दिसत राहिली की आग बरोबर चालली समजा. अगदीच काही दिसत नसेल तर हवा जास्त होतेय.

तिसरी, राखपेटी. ती भरली की जाळीखालून हवा जात नाही आणि जाळीच्या पट्ट्या वाकतात. तुमच्या इंजिनाला राखपेटी किती खोल आहे?

वाघूरकाठ

काका, मनापासून आभार. राखपेटी २० मिमी खोल, पुढून उघडी. खाली आस आहे, म्हणून जास्त जागा नाही.

भुसावळ_शेड

मग दर थांब्याला रिकामी करायला लागेल. आपल्या कोळशाला २० मिमी म्हणजे काहीच नाही.

अमळनेर_रसायन

काकांनी हाताने जे सांगितलं, त्याचे आकडे देतो. आपल्या बहुतेक कोळशात राख ३० ते ४५ टक्के. वेल्सच्या चांगल्या स्टीम कोळशात ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे किलोभर कोळसा जाळल्यावर त्यांच्या जाळीवर मूठभर राख उरते आणि आपल्याकडे वाटीभर नव्हे, तांब्याभर. उडून जाणारे गॅस वेल्सच्या कोळशात १० ते १५ टक्के, आपल्याकडच्या, बंगालमधल्या राणीगंजच्या कोळशात ३० च्या वर. त्यामुळे वेल्सचा कोळसा पेटायला आळशी, पण एकदा धरला की जवळजवळ धुराशिवाय जाळीवरच जळतो. आपला लवकर पेटतो आणि त्याची बरीचशी उष्णता ज्योतीत असते. ज्योतीला जळून पूर्ण व्हायला जागा लागते. ७० मिमी रुंदीच्या पेटीत ती लगेच पाण्यामागच्या तांब्याच्या भिंतीला टेकते, थंड होते आणि काजळी धरते.

मॉडेलमधली खरी अडचण हीच. इंजिन लहान करता येतं, ज्योत आणि कोळशाचा खडा त्या प्रमाणात लहान होत नाही.

आसामचा कोळसा कुणी सुचवेल. राख कमी आहे, पण गंधक जास्त, शिवाय तापला की फुगून एकमेकाला चिकटतो. लहान जाळीवर नकोच.

गॅसवाला_धुळे

म्हणजे शास्त्रही माझ्याच बाजूने आहे! इतक्या लहान पेटीत कोळसा जळत नाही.

चाळीसगाव_पॅसेंजर

गॅसवाले, हा वाद शंभर वर्षं जुना आहे आणि तुमची बाजू तेव्हाच हरली. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये भलेभले म्हणत होते की लहान गेजला स्पिरिटच बरं, कोळसा खेळण्यात चालत नाही. एलबीएससी या नावाने लिहिणाऱ्या कर्ली लॉरेन्सने 'आयेशा' नावाचं अडीच इंची इंजिन कोळशावर चालवून मोठ्या माणसांना ओढून दाखवलं. अडीच इंच! वाघूरकाठ यांचं तर त्याच्या दुप्पट आहे.

कोळशाच्या आगीत जी गंमत आहे ती गॅसला नाही. सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यातून जाताना आग ओढते. इंजिनाने जोर लावला की ओढ वाढते, आग भडकते, वाफही जास्त बनते. इंजिन आपली भूक आपणच भागवतं.

अमळनेर_रसायन

सहमत. फक्त आयेशाही चांगल्या इंग्रजी कोळशावरच चालत होती हे ध्यानात असू द्या. आपला प्रश्न चंद्रपूरच्या कोळशाचा आहे.

अहिराणी_माणूस

राम राम भाऊ. बठ्ठं वाचं. तुमना इंजिननं नाव काय शे?

वाघूरकाठ

अजून ठेवलं नाही भाऊ. आधी धड चालू दे, मग बारसं.

साकेगाव_नाका

दीपनगरला औष्णिक केंद्रासाठी कोळशाच्या रेकच्या रेक येतात. रुळाच्या कडेला सांडलेला दिसतो. एक पिशवी भरली तर वर्षभर पुरेल.

भुसावळ_शेड

असलं काही करू नका. सांडलेला असला तरी तो बेवारस नाही. रेल्वेचा माल बेकायदा बाळगल्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) त्यात माफी देत नाही. शिवाय तो कोळसा पावडर करून जाळण्यासाठी येतो, जाळीवरच्या आगीसाठी त्याची निवड झालेली नसते. राख तितकीच निघेल.

सराफ_गल्ली

आमचं घराणं सोन्याचांदीचं, पण एका मित्राच्या बॉयलरचा झाळ मी धरलाय, म्हणून दोन शब्द. वाघूरकाठ, बॉयलर कुठल्या झाळाने जोडला? ५५ टक्के चांदीचा, बिनकॅडमियमचा असेल तर निर्धास्त राहा, तो साधारण ६३० ते ६६० अंशांना वाहतो. बाजारात कॅडमियमचा अजून मिळतो, सोपा वाहतो म्हणून कारागीर तोच काढून देतात. त्याचा धूर जीवघेणा आहे. आणि बॉयलरला जिथे आटे पाडून फिटिंग बसतं तिथे पितळ नको, कासं घ्या. गरम पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं. वरून फिटिंग धडधाकट दिसतं आणि आतून भुसभुशीत झालेलं असतं.

वाघूरकाठ

५५ टक्क्यांचाच आहे, फिटिंगचे बुश सगळे गनमेटलचे, म्हणजे काशाच्याच जातीचे. प्लेटांच्या कडा एका तांबटकाकांनी वळवून दिल्या. दर चार-सहा ठोक्यांनी लाल करून पाण्यात बुडवायचे, लाकडी मोगरीनेच ठोकायचे. कोपऱ्यात तांबं जमा होऊन सुरकुती येऊ लागते, ती त्यांनी कडेकडेने सरकवत अशी जिरवली की साचा काढल्यावर हात फिरवून कळलंही नसतं. माझा या छंदातला सगळ्यात आनंदाचा काळ तो.

पीजे_शेंदुर्णी

मी वेगळंच बोलतो, विषय थोडा लांब जाईल.

आमचं बालपण पाचोरा-जामनेर गाडीत गेलं. १९१९ ची लाईन, अडीच फुटी रूळ, ५६ किलोमीटर. आता ब्रॉडगेजसाठी बंद झाली. माझ्या वडिलांनी त्या लाईनवर वाफेचं इंजिन पाहिलंय. शेंदुर्णीला पाणी प्यायला थांबलं की पोरं कडेला उभी राहून तोंडावर वाफ घ्यायची म्हणतात. मला त्या लाईनचं इंजिन करायचंय, म्हणून गणित मांडून बसलो होतो. अडीच फूट म्हणजे ३० इंच. त्याला ५ ने भागा, बरोबर सहावा हिस्सा. म्हणजे ५ इंची रुळावर पीजेचं इंजिन एकास सहा प्रमाणात बसतं. ब्रॉडगेजचं इंजिन त्याच रुळावर घ्याल तर एकास तेरा. रूळ तोच, इंजिन दुप्पट मोठं!

आणि नॅरोगेजच्या इंजिनाचा बॉयलर रुळांच्या मानाने आडवा पसरलेला असतो. बाहेरच्या फ्रेमचं, म्हणजे चाकांच्या बाहेर फ्रेम असलेलं इंजिन निवडलं तर फायरबॉक्स आणखी रुंद घेता येतो. ७० मिमीऐवजी १३०-१४० मिमी. तेवढ्या पेटीत चंद्रपूरचा कोळसासुद्धा जळेल असं मला वाटतं.

भुसावळ_शेड

वा! हे कुणीतरी बोलायला हवं होतं. डब्ल्यूपी (प्रवासी गाड्यांची) आणि डब्ल्यूजी इंजिनं स्वातंत्र्याच्या सुमारास आली ती याच विचाराने. आपला हलका कोळसा जळावा म्हणून फायरबॉक्स फ्रेमच्या वर उचलून रुंद केला, जाळी ४५ चौरस फुटांच्या आसपास. जुन्या विलायती इंजिनांची पेटी अरुंद आणि खोल असायची. तिला निवडक कोळसा मिळाला की ती पळायची, नाहीतर रडायची. वाघूरकाठ, तुमच्याकडे त्या जुन्यांचं छोटं भावंड आहे. कोळसा शोधत फिरण्यापेक्षा पुढचं इंजिन आपल्या कोळशाला साजेसं करा.

चाळीसगाव_पॅसेंजर

काका, मला हे तितकं पटत नाही. दार्जिलिंगच्या बी क्लास इंजिनांची पेटी काही फार मोठी नाही. दोन फुटी गेज, १८८९ पासूनची बांधणी, आणि आपल्याच कोळशावर घाट चढतात. तिथे इंजिनावर कोळसा फोडायला वेगळा माणूस बसतो. खडा सारख्या आकाराचा, आग सारखी जागती. पेटीइतकाच हात महत्त्वाचा.

भुसावळ_शेड

हाताचं खरं आहे. पण ते दर थोड्या वेळाने थांबतात, पाणी घेतात, आग साफ करतात. वाघूरकाठ यांना सलग चालवायचं असेल तर जागा हवीच.

रावेरची_केळी

मी यातली नाही, पण आमच्या शेतात माझ्या भावाने ५ इंची रुळाची गोल लाईन टाकलीय, केळीच्या बांधाने. त्यामुळे वाचत असते. एक सुचवू का? आमच्याकडे कपाशीच्या पऱ्हाट्यांचे दाबून केलेले कांडे मिळतात, कारखान्यांचे बॉयलर त्यावर चालतात. वेल्समधली फॉस-ई-फ्रान खाण २०२३ मध्ये बंद झाली तेव्हापासून तिकडच्या जुन्या रेल्वेवालेही जैविक कोळशाचे प्रयोग करताहेत असं भाऊ सांगत होता. मग आपल्या पऱ्हाट्या का नाही?

अमळनेर_रसायन

ताई, विचार चांगला आहे. पण साधे कांडे हे लाकूडच. आगीत फुलून भुगा होतात, उष्णता कोळशापेक्षा कमी आणि हलक्या ठिणग्या फार उडतात. तेच कांडे हवा न लागू देता भाजून घेतले तर गोष्ट वेगळी. तिकडचे प्रयोग त्या दिशेचे आहेत.

रावेरची_केळी

ठिणग्या नकोतच. शेजारी कापूस वेचून घरात भरलेला असतो. भावाने नियमच केलाय, धुराड्याच्या खाली स्मोकबॉक्समध्ये (धुराच्या पेटीत) ठिणग्या अडवणारी जाळी असल्याशिवाय इंजिन आमच्या रुळावर येणार नाही.

गॅसवाला_धुळे

पऱ्हाट्या भरतासाठी ठेवा. जामनेरची हिरवी वांगी, पऱ्हाट्यांचा जाळ, वर शेंगदाणे, कांद्याची पात. इंजिन गॅसवर, भरीत पऱ्हाट्यांवर, कुणाचं भांडण नाही.

पीजे_शेंदुर्णी

या एका मुद्द्यावर गॅसवाल्यांना अनुमोदन.

नवीन_सदस्य_पारोळा

घरी असला बॉयलर ठेवायला सरकारी परवानगी लागते का?

चाळीसगाव_पॅसेंजर

२५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचा बॉयलर कायद्याच्या व्याख्येत येत नाही. ५ इंची इंजिनात फार तर सहा-सात लिटर पाणी असतं. पण इन्स्पेक्टर येत नाही म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही. पहिली चाचणी दुप्पट दाबाला, नंतरच्या दीडपट दाबाला, आणि दोन्ही गार पाण्याने. हवेने कधीच नाही, हवा दाबली की तिच्यात ताकद साठते आणि फुटलं तर बॉम्ब. सेफ्टी व्हॉल्व्ह दोन असू द्या.

भुसावळ_शेड

आणि पाण्याच्या काचेवर डोळा. काचेत पाणी दिसेनासं झालं तर पंप मारायला धावू नका, आधी आग काढा. फायरबॉक्सच्या तापलेल्या माथ्याच्या प्लेटवर गार पाणी पडलं तर काय होतं ते मोठ्या इंजिनांच्या लोकांना माहीत आहे. आणि बंद खोलीत लोणारी कोळसा पेटवायचा नाही, त्याचा वायू नाकाला कळत नाही.

नवीन_सदस्य_पारोळा

पाणी कुठलं भरता? आमच्या बोअरचं पाणी घागरीला पांढरा थर देतं.

वाघूरकाठ

बोअरचं अजिबात नको. नळ्यांवर तोच थर बसतो आणि उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. मी पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी गाळून ड्रममध्ये भरून ठेवतो. थर बसलाच असेल तर लिंबूसत्त्वाच्या पातळ पाण्याने निघतो, मग दोनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं.

इथला आणखी एक त्रास सांगतो, इंग्रजी नकाशांत तो कुठेच नाही. बॉयलरमध्ये वाफेच्या जोरावर पाणी भरणाऱ्या इंजेक्टरला गार पाणी लागतं, कारण त्यात वाफ पाण्याला भेटून थिजते, म्हणजे तिचं पुन्हा पाणी होतं, आणि त्या जोरावर पाणी बॉयलरमध्ये घुसतं. टाकीचं पाणी गरम असलं की वाफ थिजत नाही, सगळं खालच्या नळीतून सांडून जातं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांत उभ्या इंजिनाच्या टाकीत हात घालवत नाही. टँक इंजिनाच्या टाक्या तर बॉयलरलाच चिकटून. त्या दिवसांत मी माठातलं पाणी टाकतो आणि मुख्य भरवसा आसावरच्या पंपावर ठेवतो.

चाळीसगाव_पॅसेंजर

माठाचं पाणी हे नकाशावर लिहून ठेवण्यासारखं आहे.

एमआयडीसी_बॉयलर

मी एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहे. धागा उशिरा पाहिला. मूळ प्रश्न कोळशाचा होता ना? आमच्याकडे दक्षिण आफ्रिकेचा कोळसा येतो. राख साधारण १५ टक्के, गॅस आपल्यापेक्षा कमी, खंगर फार धरत नाही. व्यापारी ट्रकनेच विकतात, पण रीतसर विचारलं तर एखादं पोतं विकत मिळतं. इंडोनेशियाचा घेऊ नका. राख कमी असते, पण ओलावा आणि धूर फार, लवकर जळून जातो.

सराफ_गल्ली

आणि फाउंड्रीचा हार्ड कोक? त्यात तर गॅस नसतोच.

एमआयडीसी_बॉयलर

एकटा कोक लहान इंजिनात जागा राहत नाही, त्याला ओढ सतत हवी. इंजिन थांबलं की मरगळतो. पण कोळशात मिसळला तर तळ धरून ठेवतो. पेटकोक (खनिज तेलापासूनचा कोक) मात्र नको, गंधक फार.

वाघूरकाठ

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सांगितलेलं करून पाहत होतो.

आफ्रिकेच्या कोळशाचं एक पोतं रीतसर विकत आणलं. तीन भाग कोळसा, एक भाग फाउंड्रीचा कोक, दोन्ही हातोडीने फोडून चाळले आणि भुकटी पूर्ण काढून टाकली. भुकटी नळ्यांत जाऊन बसते किंवा थराला चिकटवते, हे आता डोळ्यांनी पाहिलं. फायरबॉक्सच्या दाराला ५ मिमीची सात भोकं पाडून आतून एक तिरकी पट्टी लावली, म्हणजे वरची हवा सरळ नळ्यांकडे न जाता आधी आगीवर वाकते. राखपेटी मागूनही उघडी केली. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून लोणारी कोळसा स्पिरिटमध्ये भिजवून पेटवला.

आग काका म्हणाले तशी ठेवली. दोन बोटं जाडी, दार बोटभर उघडं, चहाच्या चमच्याएवढ्या बेलच्याने दर अर्ध्या फेरीला थोडं. कोळसा पडला की आधी क्षणभर पिवळी जीभ उठायची, भोकांतून येणाऱ्या हवेने ती पांढरी व्हायची आणि काटा हलायला लागायचा. रावेरच्या रुळावर दोन माणसं घेऊन काटा ८० ते ९० मध्ये राहिला, सेफ्टी व्हॉल्व्ह दोनदा सुटले. खंगर निघाला, पण सुटा, सळीने मोडता आला. चंद्रपूरचा कोळसा याच पद्धतीने जाळून पाहिला. तोही जळतो, पण दर दोन फेऱ्यांनी आग साफ करावी लागते.

त्यामुळे माझं मत असं झालंय: या इंजिनाला आफ्रिकेचा कोळसा, आणि पुढचं इंजिन पीजेचं, रुंद पेटीचं, चंद्रपूरच्या कोळशासाठीच. शेंदुर्णीकर, तुमच्याकडे मोजमापं असतील तर दोघं मिळून करू.

पीजे_शेंदुर्णी

मिळून म्हणजे काय, उद्याच फोन करतो. वडिलांनाही घेऊन येतो.

भुसावळ_शेड

सुटा खंगर म्हणजे आग बरोबर चालली. शाब्बास. एकदा स्मोकबॉक्सचं दारही तपासा. तिथून बारीकशी जरी हवा आत ओढली गेली तरी आगीची ओढ अर्धी होते. दाराच्या कडेने मेणबत्ती फिरवा, ज्योत आत वळली तर तिथे गळती आहे.

गॅसवाला_धुळे

वाघूरकाठ, रावेरला पुढच्या वेळी कधी? मलाही तो बेलचा एकदा हातात धरायचाय.

वाघूरकाठ

पुढच्या रविवारी सकाळी सातला, ऊन व्हायच्या आत. या नक्की.

नवीन_सदस्य_पारोळा

कोळसा चाळायला कुठली जाळी घेतली?

वाघूरकाठ

डाळ मिलच्या जुन्या जाळ्या, भंगारात मिळाल्या. वरची १० मिमी गोल भोकाची, खालची ६ ची. मधे जो उरतो तो इंजिनाला. खाली पडलेली भुकटी शेजारच्या लोहाराला देतो.